हुरड्याला निघालात, सोबत दीड-दोन वर्षांचं पोर आहे?

डिसेंबर सरत आला की पुण्या-मुंबईच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हुरड्याची आमंत्रणं फिरायला लागतात. लहानग्याला न्यावं का? खुशाल न्यावं. फक्त भीती बरोबर जागी बाळगावी. शहरातले आईबाप साप-विंचवाला घाबरतात, गाईच्या शिंगांना घाबरतात. राख आणि शेततळं मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

आधी राख. आगटी म्हणजे वीतभर खोल खड्डा. त्यात गोवऱ्या पेटवायच्या, धूर सरला की ज्वारीची कोवळी कणसं आरात खुपसून फिरवत राहायची. दोन-तीन मिनिटं पुरतात. जास्त ठेवलं तर दाणा करपतो, लवकर काढलं तर चोळताना सुटत नाही. गरम कणीस हातावर चोळायचं, दाणे पाखडायचे. हे सगळं पोराला जरूर दाखवा, पण कडेवर घेऊन. खरा धोका नंतरचा आहे. भाजणारा जेवायला उठतो, मागे करडी राख दिसते. जाळ नाही, धूर नाही, आत निखारा तसाच. रांगत्या-चालत्या पोराला ती मातीच वाटते. तेव्हा आगटी समोर विझवून घ्या, नाहीतर तिथे माणूस बसवा. हात भाजलाच तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी आणि मग दवाखाना. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच.

शेततळं त्याहून वाईट. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला उतार, त्यावर शेवाळ. पाय घसरला तर पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही धरायला काही सापडत नाही. म्हणून बुकिंगच्या फोनवर जेवणात काय आहे हे नंतर विचारा. तळ्याला आणि विहिरीला कुंपण आहे का, हे आधी. ‘आमचं लक्ष असतं’ हे उत्तर आलं तर दुसरं शेत बघावं. आणि जिथे हुरड्यासोबत डीजे आणि रेन डान्स आहे, तिथे लहान मूल नेऊन काय साधतं, हे मला तरी कळलेलं नाही.

खाण्याचं बघू. हुरडा गुळभेंडी वाणाचा असो की राहुरी विद्यापीठाच्या फुले मधुर वाणाचा, दाणा चिकात असेल तरच मऊ. नखाने दाबून बघा. निबर झाला असेल तर पोराला देऊच नका. मऊ दाणेही बोटाने चिरडून, तूस निवडून, चिमूट-चिमूट द्या, कारण तूस टाळूला चिकटलं की मूल ठसकतं. सोबत जे जे येतं, म्हणजे शेंगदाणे, ओले हरभरे, बोरं, खोबऱ्याचे तुकडे, उसाचं कांडं, ते सगळं या वयाच्या घशात अडकणारं. बाजूच्या ताटातून कुणीतरी हौशी मावशी हमखास बोर भरवते, तिला आधीच सांगून ठेवा. धारोष्ण दूध कितीही प्रेमाने पुढे केलं तरी उकळून घ्या.

शेतावर जेवायला दीड-दोन वाजतात, पोराची भूक आणि झोप बाराला येते. घरून मऊ भात न्या, किंवा पोचल्या पोचल्या सांगा: एक भाकरी लवकर टाका, दुधात कुस्करायला. पिठलं तिखट टाकायच्या आधी वाटीभर बाजूला काढतात, विचारलं तर. पुण्याहून नगर रस्त्याने जाणार असाल तर सातच्या आत वाघोली ओलांडा, नाहीतर सकाळची गंमत गाडीतच संपते. पहाटे स्वेटर, दुपारी सुती झबलं, दोन जोड जास्त. अंग झाकणारे कपडे बरे, कारण ज्वारीचं पान कापतं.

शेळीचं करडू पोरासाठी उत्तम. नुकती व्यालेली गाय मात्र लांबूनच, कितीही गरीब असली तरी. बैलगाडीत पोर मधे, मांडीवर, हात चाकापासून दूर. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर फोटोपुरतंही बसवू नका. गोठ्यातून आलं की हात साबणानेच धुवा, सॅनिटायझरने चिखल जात नाही. द्राक्षं-भाजी तोडून तोंडात घालण्याआधी फवारणी कधी झाली ते शेतकऱ्याला विचारा, तो सांगतो.

तीनला निघा. रात्री आंघोळ घालताना कानामागे, मानेवर आणि जांघेत गोचीड आहे का ते बघा.