दुखऱ्या नडगीवर पळवणारा मेसेज

पोलीस भरतीच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘नडगी दुखते म्हणजे हाड कणखर होतंय. थांबू नका. आठ दिवस थांबलात की वर्षाचा दम गेला. सायकल, पोहणं कामाचं नाही. गरम तेल चोळा आणि पळा.’ माझ्या भाच्याने तो नुसता वाचला नाही, पाळला. आता भिंत धरून न्हाणीत जातोय, म्हणून लिहायला बसलो.

ताणाने हाड कणखर होतं हे अर्धं खरं, नाइलाजाने मान्य करतो. पण होतं कसं? ताण पडलेल्या जागचं जुनं हाड शरीर आधी पोखरून काढतं, नवं मागाहून भरतं. त्याला कित्येक आठवडे लागतात आणि तोवर ती जागा उलट कच्ची असते. नेमकं तेव्हाच रोज डांबरावर १६०० मीटर मारले की बारीक चीर पडते. नडगीभर पसरलेलं दुखणं वेगळं. बोट ठेवल्यावर एकाच जागी कळ येत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर पळणं बंद आणि डॉक्टर गाठा. एक्स-रे साफ आला म्हणून लगेच ग्राउंडवर जाऊ नका. सुरुवातीच्या आठवड्यांत ही चीर त्यात बऱ्याचदा दिसतच नाही. भाच्याचा पहिला साफच होता!

दम जातो म्हणे. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली, आणि पुढे दोनेक महिन्यांच्या व्यायामाने भरून आली. म्हणजे घटते, पण कायमची जात नाही. आणि ते तर पडूनच होते. (आमची ताई भाच्याला खाटेवरून उतरू देत नव्हती, तेही चूकच.)

कारण पाय डांबरावर आहेत की पाण्यात, हे काळजाला कुठे कळतं? डॉक्टर हो म्हणाले की काखेत ट्यूब अडकवून विहिरीत उतरा, तळाला पाय न टेकवता पळल्यासारखे हातपाय मारा, धाप लागेपर्यंत. नडगीला कळ आली की थांबा. शिवाय भरतीच्या मैदानी चाचणीत ५० पैकी १५ गुण गोळाफेकीचे आहेत. बसल्या बसल्या डंबेल मारायला नडगी लागत नाही.

तेलाने चीर सांधत नाही. पिंढरीला बरं वाटत असेल तर लावा, दुखऱ्या हाडावर रगडू नका.