‘पॅनक्रियाजचा कॅन्सर म्हणजे सहा महिने’ या मेसेजबद्दल

तोच मेसेज मला पंधरा दिवसांत तीन ग्रुपवर आला, घरच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की पॅनक्रियाजचा, म्हणजे स्वादुपिंडाचा, कॅन्सर म्हणजे सहा महिने, ॲपलचा स्टीव्ह जॉब्स एवढा श्रीमंत असून वाचला नाही, आपले पर्रीकरही गेले, तपासणीला सुई घातली की पसरतो, स्टेज तीन म्हणजे लिव्हरला गेलेलाच असतो, पोट उघडलं की हवा लागून वाढतो, तेव्हा ऑपरेशन करू नका, साखर बंद करा आणि काढा घ्या.

मी डॉक्टर नाही, कॅन्सर रजिस्ट्रीत काम करते. म्हणजे पेशंटची फाइल वाचायची आणि कॅन्सर नेमका कुठे, कसल्या पेशींचा, निदान झालं तेव्हा किती पसरलेला, ट्रीटमेंट काय दिली हे सगळं कोडमध्ये भरायचं. मुंबईत हे काम १९६३ पासून चालतं, बार्शीत १९८७ पासून. दिवसभर ह्याच फायली हातात असतात म्हणून हे लिहितेय, कारण मागच्या महिन्यात एक ताई हाच मेसेज मोबाइलवर दाखवत आमच्या दारात उभ्या होत्या, नवऱ्याचं ऑपरेशन दहा दिवसांवर आलेलं आणि दीर म्हणत होते की कॅन्सल करा.

आधी स्टीव्ह जॉब्स. त्यांना जो होता तो न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, पॅनक्रियाजमध्ये हार्मोन बनवणाऱ्या पेशी असतात त्यांचा. नेहमी जो दिसतो तो नळीच्या पेशींचा, ॲडिनोकार्सिनोमा. अवयव एकच पण आजार दोन, आमच्याकडे कोड वेगळा, स्टेजिंगचा तक्ताही वेगळा. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये निदान झालं, ऑपरेशन २००४ च्या जुलैमध्ये, मधले नऊ महिने त्यांनी डाएट आणि इतर उपाय करून बघितले, आणि ते गेले २०११ मध्ये. म्हणजे निदानानंतर आठ वर्षं. मेसेज ज्यांचं नाव घेऊन ‘सहा महिने’ आणि ‘ऑपरेशन करू नका’ म्हणतोय त्यांचीच गोष्ट दोन्ही बाजूंनी उलटी आहे.

पर्रीकरांना पॅनक्रियाजचा कॅन्सर होता आणि १७ मार्च २०१९ ला ते गेले, हे खरंय. नाकात नळी असताना त्यांनी गोव्याचं बजेट मांडलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. शेवटपर्यंत ट्रीटमेंट घेत लढलेल्या माणसाचं नाव कुणाला तरी ट्रीटमेंट सोडायला लावण्यासाठी वापरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता सहा महिने. आजार वाईट आहे, त्यात खोटा दिलासा द्यायचा नाही. अमेरिकेत सगळ्या स्टेज एकत्र धरल्या तर पाच वर्षांनी शंभरातले साधारण १३ जण हयात असतात, आणि निदानाच्या वेळी ऑपरेशन करता येईल असे शंभरात १५ ते २०च सापडतात. पण ही सगळ्यांची मिळून केलेली सरासरी आहे, तुमच्या माणसाच्या फाइलवरचा आकडा नाही. २०१८ मध्ये फ्रान्स आणि कॅनडातल्या एका मोठ्या ट्रायलचा निकाल आला, ऑपरेशन होऊन तब्येत बरी असलेल्यांना नंतर मॉडिफाइड फॉल्फिरिनॉक्स नावाची केमो दिली तर मीडियन ५४ महिने (म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले), जुन्या जेमसायटबीनवर ३५. हे निवडक पेशंट होते हे मान्य, पण सहा महिने आणि ५४ महिने यात एखाद्या घरातलं मूल बारावीहून कॉलेज संपवून बाहेर पडतं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचा ट्यूमर लहान असताना सापडला, २००९ मध्ये ऑपरेशन झालं, त्यानंतर त्या ११ वर्षं जगल्या आणि काम करत राहिल्या.

स्टेजबद्दल जे लिहिलंय ते तर सरळ चूक आहे. पॅनक्रियाज जठराच्या मागे आडवा पडलेला असतो, साधारण १५ सेंटीमीटर, त्याचं डोकं उजवीकडे ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) कुशीत, शेपटी डावीकडे प्लीहेपर्यंत, आणि त्याच्या मानेच्या मागून एसएमव्ही ही मोठी शीर जाते, तिच्या शेजारी एसएमए ही आतड्याला रक्त नेणारी धमनी. सगळा खेळ या रक्तवाहिन्यांचा आहे. दीड सेंटीमीटरची गाठ जर एसएमएमध्ये शिरली असेल तर ती टी ४ (टी म्हणजे गाठ किती मोठी, कशात शिरलेली), स्टेज ३, आणि शेपटीतली पाच सेंटीमीटरची गाठ धमन्यांपासून लांब असेल, नोड्स म्हणजे लसिकाग्रंथी आणि बाकी सगळं साफ असेल तर ती टी ३, स्टेज २ए. चार किंवा जास्त नोड्समध्ये कॅन्सर सापडला तरी स्टेज ३ होते. लिव्हरला गेलेला असेल तर ती स्टेज ४. स्टेज ३ मध्ये तो लिव्हरला गेलेला नसतो, गेला असता तर ३ लिहिलीच नसती. अशांना आधी केमो देऊन परत स्कॅन करतात, त्यातल्या काहींना नंतर ऑपरेशन करता येतं.

सुईचं म्हणाल तर सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या केसेस आहेत, पण विरळा. म्हणून तर आता शक्यतो एंडोस्कोपीने आतून, जठराच्या किंवा ड्युओडेनमच्या भिंतीतून सुई घेतात, आणि पॅनक्रियाजच्या डोक्यातल्या गाठीसाठी व्हिपल नावाचं ऑपरेशन केलं तर ड्युओडेनमचा तो भाग निघूनच जातो. गाठ सरळ काढण्यासारखी असेल तर बऱ्याचदा सर्जन आधी बायोप्सी मागतही नाहीत. पण केमो आधी द्यायची असेल तर पेशी कसल्या ते कळल्याशिवाय देणार कशी?

हवा लागून वाढतो हे इतकं पसरलंय की शिकलेले लोकही बोलतात. होतं असं की लिव्हरवर किंवा पोटाच्या आतल्या अस्तरावर तांदळाच्या कणीएवढे ठिपके असतात, सीटीत दिसत नाहीत, दुर्बिणीतून किंवा पोट उघडल्यावर दिसतात. ते आधीपासूनच तिथे होते. घरच्यांना मात्र काल स्टेज २ सांगितली आणि आज ४ सांगतायत एवढंच ऐकू येतं.

साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र वाळतो, आणि या आजारात वजन आधीच उतरत असतं कारण पॅनक्रियाजचे पाचक एन्झाइम कमी पडून तेलतूप पचत नाही. त्यासाठी जेवणासोबत घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात, डॉक्टरांना विचारा. आणि हो, पन्नाशीनंतर अचानक शुगर निघाली आणि वजनही उतरतंय असं असेल तर ते अंगावर काढू नका.

मेसेजमध्ये काविळीबद्दल एक ओळ नाही, आणि मी फायलींमध्ये सगळ्यात जास्त वेळ वाया गेलेला तिथेच बघते. पॅनक्रियाजच्या डोक्यातली गाठ पित्ताची नळी दाबते, पोटात फारसं दुखत नाही, डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज. मग गळ्यात काविळीची माळ, कुणी कावीळ उतरवून आणतं, पथ्याचं जेवण, यात महिना जातो. मग कुठेतरी पित्ताच्या नळीत स्टेंट (छोटी नळी) टाकतात, डोळे पांढरे होतात आणि घरचे समजतात बरं झालं. स्टेंटने फक्त पित्ताचा रस्ता मोकळा होतो, गाठ तिथेच असते. जमलं तर सीटी स्टेंटच्या आधी करून घ्या, नंतरच्या फोटोत नळीच्या आजूबाजूचं नीट दिसत नाही.

त्या ताईंच्या नवऱ्याच्या फाइलमध्ये सीटीवर लिहिलं होतं, पॅनक्रियाजच्या डोक्यात २.६ सेंटीमीटरची गाठ, एसएमए मोकळी. मी त्यांना घेऊन परत सर्जनच्या ओपीडीत गेले, दिरांनाही बोलावलं, अर्धा तास बोलणं झालं. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. पॅथॉलॉजी रिपोर्ट माझ्याच टेबलावर आला: २.८ सेंटीमीटर, १६ नोड्स तपासले, एकात कॅन्सर, कडा साफ. टी २, एन १ (एन म्हणजे नोड्स), स्टेज २बी, मी भरलं. परवा ताई भेटल्या, नवऱ्याची केमो चालू झालीय, गार पाण्यात हात घातला की त्यांच्या बोटांना मुंग्या येतात, त्यामुळे घरात सगळे त्यांना पाणी कोमट करून देतायत.