दिसेल तिथेच खर्च करावा

कॉम्प्युटर असेंबल करून घेणार असाल तर आधी दिव्यांचं बजेट ठरवा. समोर अखंड काच, आत रंग बदलणारे चार पंखे आणि त्या रंगांसाठी वेगळा रिमोट. पुढची काच बाहेरची हवा आत येऊ देत नाही, त्यामुळे चारही पंखे आतलीच गरम हवा इमानेइतबारे घुसळत राहतात. पण फोटोत दिवे दिसतात, हवा दिसत नाही.

हा खर्च कुठेतरी भरून काढायला हवा. त्यासाठी एसएमपीएस आहे, म्हणजे घरातली वीज मशीनला चालेल अशी करून देणारा डबा. तो तळाशी झाकणाआड बसतो, पाहुण्यांना दाखवता येत नाही, तेव्हा कॅबिनेटबरोबर फुकट आलेलाच ठेवा. लेबलवर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असतं. त्याखालचा बारीक तक्ता वाचू नये. तिथे १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर असं काहीतरी निघतं, गुणाकार १९२ वॅटच भरतो आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचं जवळजवळ सगळं पोट त्याच १२ व्होल्टवर असतं. गेम ऐन रंगात असताना मशीन झटक्यात बंद पडलं की दोष विंडोजला द्यावा. स्वस्तातला एसएमपीएस कायमचा जातो तेव्हाही अनेकदा एकटा जात नाही, मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कला सोबत घेऊन जातो.

टॉवरला हात लावल्यावर मुंग्या येतात? उत्तम, म्हणजे सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसमधला फिल्टर किंचित गळती वीज अर्थिंगच्या वायरीत सोडत असतो. ती वायर कुठेच जोडलेली नसेल तर वीज पत्र्यावर तुमची वाट बघत थांबते. वायरमनला बोलावून खर्च वाढवू नका. पायात रबरी चप्पल घाला आणि शेजारच्यांना स्पाइक गार्ड दाखवा.

यूपीएस मात्र घ्याच. ६०० व्हीएचा घ्या आणि त्यावर लेझर प्रिंटर लावा. प्रिंटरचा फ्यूजर, म्हणजे पूड कागदावर वितळवून चिकटवणारा भाग, तापताना इतका करंट ओढतो की यूपीएस किंकाळी फोडतो, त्यामुळे प्रिंट निघाल्याचं घरभर कळतं. आतली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते. ती बदलू नये. बॅटरी मेली तरी पुढचा हिरवा दिवा बऱ्याचदा लागतोच, आणि आपलं धोरण दिव्यांचं आहे.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. काही वर्षांनी तो उतरतो. मग मेन स्विच बंद करून परत लावला की घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं, काळ्या पडद्यावर एफ१ दाबण्याची विनंती येते आणि बँकेची साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून दार लावून घेते, कारण मशीनच्या तारखेनुसार त्या साइटचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. सेलची किंमत वडापाव-चहाइतकी. पण एवढ्या स्वस्त निदानावर कोणाचा विश्वास बसतो? टेक्निशियन बोलवा. तो ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणेल. मारू द्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही दोन्ही फोल्डरं सी ड्राइव्हवरच असतात, हे त्याला आठवलं तर आठवलं.

पावसाळ्यात मशीन चालू न होता नुसतं बीप करू लागलं तर नवा मदरबोर्ड बघायला लागा. बंद करून प्लग काढायचा, रॅम उपसून तिचे सोनेरी दात खोडरबरानं पुसायचे आणि परत बसवायची, असले पोरखेळ करू नका. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घेतलात तर सेटिंगमध्ये तो ६० वरच राहू द्या आणि त्याची केबल ग्राफिक्स कार्डाला न लावता मदरबोर्डच्या पोर्टला लावा. कार्डाला आराम मिळतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ‘टीपीएम २.० नाही’ (टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) म्हणून अडून बसली तर सरळ नवं मशीन घ्या. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या बहुतेक मशिनांत टीपीएम असतोच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बऱ्याचदा बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. पण बायोसमध्ये शिरणं सभ्य माणसाचं काम नव्हे.

राहिला बॅकअप. लग्नाचे आणि बारशाचे फोटो सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर कॉपी करा आणि निर्धास्त झोपा. दोन्ही एकाच डिस्कचे तुकडे असले तरी अक्षरं तर वेगळी आहेत! पुढे कधी हार्ड डिस्क टकटक करू लागली तर बंद करून ठेवू नका. दर दहा मिनिटांनी मशीन चालू करून ‘आता दिसते का’ बघा. आत डेटा वाचणारं हेड खराब होऊन तबकडीवर टेकत असेल तर दर खेपेला आणखी थोडा डेटा खरवडून निघतो, आणि डेटा रिकव्हरीवाल्याचं काम तेवढंच कमी होतं. बिल मात्र तो तेवढंच लावेल.