लंडन ते पॅरिस ‘२५ मिनिटांत’: एका चुकीच्या हिशेबाचा प्रतिवाद

युरोप सहलीचा बेत आखणाऱ्यांमध्ये एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. लंडन-पॅरिस अंतर ३४४ किलोमीटर असल्याने ताशी ८५० किलोमीटर वेगाचे विमान ते २५ मिनिटांत कापते. वेळापत्रकात मात्र जाताना २ तास २० मिनिटे आणि परतताना अवघी २० मिनिटे दिसतात, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरते. आणि रेल्वेने जाणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे त्यात म्हटले आहे. ही विधाने आपापसांतही जुळत नाहीत.

३४४ किलोमीटर हा आकडा बरोबर आहे, पण ते नकाशावरचे सरळ अंतर आहे. विमान ना लंडनच्या मध्यातून उडते, ना पॅरिसच्या मध्यात उतरते. हीथ्रो विमानतळ लंडनच्या पश्चिमेला, तर शार्ल द गोल विमानतळ पॅरिसच्या ईशान्येला सुमारे २५ किलोमीटरवर आहे. ताशी ८५० हा वेगही उड्डाणाच्या मधल्या टप्प्यापुरताच असतो. १०,००० फुटांखाली विमानांना साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची वेगमर्यादा असते आणि इतक्या छोट्या प्रवासाचा मोठा भाग वर चढण्यात आणि खाली उतरण्यातच जातो. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान एका विमानतळावरच्या थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरच्या थांब्यावर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे जाण्याचा आणि रांगेत थांबण्याचा वेळ त्यातच येतो. म्हणून प्रत्यक्षात सुमारे सव्वा तास ते १ तास २० मिनिटे धरली जातात.

पृथ्वीच्या फिरण्याचा दावा सर्वांत दिशाभूल करणारा आहे. जमिनीवर उभे असलेले विमान आणि भोवतालची हवा, दोन्ही पृथ्वीबरोबरच फिरत असतात, त्यामुळे उड्डाण करताच खालची जमीन सरकून जात नाही. परिणाम होतो तो वाऱ्याचा. या भागात उंचावरचे वारे बहुतेक पश्चिमेकडून वाहत असल्याने झालाच तर उशीर परतताना होईल, म्हणजे दाव्याच्या नेमके उलट. वेळापत्रकातली तफावत निव्वळ घड्याळाची आहे. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते. लंडनहून १० वाजता निघालेले विमान पॅरिसच्या १२.२० ला पोहोचते आणि पॅरिसहून १० वाजता निघालेले लंडनच्या १०.२० ला, दोन्ही वेळा प्रवास १ तास २० मिनिटांचाच. उन्हाळ्यात-हिवाळ्यात दोन्ही देश घड्याळे एकाच क्षणी बदलतात, म्हणून हा फरक वर्षभर टिकतो. खरे तर सूर्याच्या हिशेबाने या शहरांत जेमतेम १० मिनिटांचे अंतर आहे. फ्रान्सची घड्याळे १९४० मध्ये जर्मन ताब्याच्या काळात पुढे गेली आणि युद्धानंतरही तशीच राहिली.

राहिला रेल्वेचा मुद्दा. लंडनचे सेंट पँक्रस स्थानक ते पॅरिसचे गार द्यु नोर स्थानक हे सुमारे ४९२ किलोमीटर युरोस्टार रेल्वे साधारण सव्वादोन तासांत पार करते, तेही ५० किलोमीटरच्या समुद्राखालच्या बोगद्यात वेग ताशी १६० पर्यंत उतरवून. दोन्ही स्थानके शहराच्या आत आहेत. फ्रान्समध्ये प्रवेशाची पासपोर्ट तपासणी लंडनच्या स्थानकातच होते. त्यासाठी लवकर पोहोचावे लागते हे खरे, पण पॅरिसला उतरल्यावर प्रवासी थेट बाहेर पडतो. विमानाच्या सव्वा तासात मात्र विमानतळ गाठणे, सुरक्षा तपासणी आणि उतरल्यावरची पासपोर्टची रांग ही सारी भर पडते, आणि भारतीय पासपोर्टधारकांसाठी ती रांग बरीच लांब असू शकते. शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजले, तर बहुतेक वेळा रेल्वेच आधी पोहोचते.