‘सडेतोड’ यांची प्रतिक्रिया, आजीची विळी आणि माझा आयपॉड

‘सडेतोड’ यांस,

मी माझ्या जुन्या आयपॉडच्या (ॲपलच्या गाणी ऐकायच्या यंत्राच्या) दुरुस्तीवर लेख लिहिला, त्यावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. खरं तर दोन ओळीत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण कालपासून ते डोक्यातून जाईना, म्हणून इथे स्वतंत्र लिहितोय.

आधी तुमचं बरोबर आहे ते. माझ्या ३० जीबीच्या आयपॉडची दुरुस्ती सांगताना मी ओघात लिहून गेलो की नंतरच्या ‘क्लासिक’ मॉडेलमध्येही वुल्फसन कंपनीचीच ऑडिओ चिप आहे. नाही. २००५च्या पाचव्या पिढीत वुल्फसन, २००७च्या क्लासिकपासून सिरस लॉजिक. चूक सुधारली आहे. (एका चिपसाठी तीन उद्गारचिन्हं कशाला लागली, तेवढं कळलं नाही.)

आता मुख्य वाक्य. तुम्ही म्हणता, “बॅटरी, डिस्क, जॅक, मागचं झाकण सगळं बदलून त्याला ‘माझा जुना आयपॉड’ म्हणणं म्हणजे पातं आणि पाट दोन्ही बदलून ‘आजीची विळी’ म्हणण्यासारखं आहे. वेळ जात नसेल तर बागकाम करा.”

बागकामाचं आधी सांगतो. माझ्या गॅलरीत अकरा कुंड्या आहेत. आणि वेळ जात नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? नोकरी करून, घरचं बघून शनिवारची एक दुपार मी यात घातली. मुद्दा मांडा ना, जरूर मांडा. पण त्यासाठी समोरच्याला रिकामटेकडा ठरवायलाच हवं का?

राहिली विळी. आमच्या घरी खरोखरच आजीची विळी आहे. पाट एकदा वाळवीनं खाल्ला म्हणून सुताराकडून नवा करून घेतला, पातं धार लावून लावून झिजलं म्हणून तेही बदललं. माझी आई तिला आजही ‘सासूबाईंची विळी’च म्हणते. तिच्यासमोर बसून हा युक्तिवाद करून दाखवा, चहाही मिळणार नाही.

शिवाय माझ्या आयपॉडचं मूळ ते सगळं जागेवर आहे. मदरबोर्ड तोच, स्क्रीन तोच, क्लिक व्हील (गाणी निवडायचं गोल चाक) तेच. मधल्या बटणाची तकाकी गेली आहे ती माझ्याच अंगठ्यानं, लोकलच्या दारात उभं राहून. डिस्कचं म्हणाल तर १.८ इंची तोशिबा होती. चालू केलं की टकटक वाजायची आणि पडद्यावर ते रडवेल्या चेहऱ्याच्या आयपॉडचं चित्र यायचं. तिथे अडॅप्टर टाकून १२८ जीबीचं मेमरी कार्ड बसवलं. कनेक्टरवरची काळी पट्टी नखानं उचलायची, रिबन (चपटी वायर) सरळ सरकवायची, पट्टी खाली दाबायची, की झालं. रिबन किंचित तिरकी गेली तरी आयट्यून्सला (संगणकावरून आयपॉडमध्ये गाणी भरायच्या प्रोग्रॅमला) कार्ड दिसत नाही. माझी दोनदा तिरकी गेली. हे लपवलेलं नाही, लेखातच आहे.

आणि हे उद्योग मला आज सुचलेले नाहीत. आठवीत असताना चुलतभावाच्या वॉकमनचा बेल्ट मी बदलला होता. जुन्या बेल्टचं पार काळं डांबर झालं होतं. पुलीवरून ते स्पिरिटच्या बोळ्यानं पुसताना बोटं दोन दिवस काळी राहिली. वॉकमन चालला. दादाच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा ‘एखादा व्हिडिओ बघून स्क्रू ड्रायव्हर हाती घेणारे’ असली विशेषणं तुमच्याजवळच ठेवा.

उरलेलं थोडक्यात. दुरुस्तीच्या साडेचार हजारात काय काय आलं असतं, फोनवर गाणी ऐकता येत नाहीत का, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. त्यात शिरत नाही.

फुगलेल्या बॅटरीबद्दल इशारा का दिला नाही, हेही विचारलंत. अहो, माझीही फुगलेलीच होती! मागचा पत्रा आणि पुढचं प्लास्टिक यांच्यातली फट इतकी रुंदावली होती की नख आत जात होतं. उघडायला उलट सोपं गेलं. बॅटरी पत्र्याला चिकटलेली असते, ती प्लास्टिकच्या पट्टीनं हळूहळू सोडवली. मध्ये कसला तरी गोडसर वास आला, तेव्हा खिडकी उघडली आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन उभा राहिलो. काही झालं नाही. लेख मोठ्या माणसांसाठी आहे, प्रत्येक ओळीवर लाल बावटा लावत बसलो तर लिहायचं कधी?

आणि एक. झाकण मी बदललेलं नाही. दोन्ही अर्धे घाईनं ओढले तेव्हा हेडफोनच्या जॅकची रिबन फाटली, म्हणून जॅक नवा घेतला. झाकणाची वाकलेली कड मात्र पकडीनं सरळ केली. तसं लेखात तिसऱ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलंय. इतकं ठणकावून लिहिण्याआधी निदान तिथपर्यंत तरी वाचायचं होतं.