खुलासा: ‘जॉब्स प्लस’चे पैसे भाडेकरूच्या खात्यात येत नाहीत

‘अमेरिकेत सरकारी घरांत राहणाऱ्यांना नोकरी शोधायला ‘हड’ रोख अनुदान देतं, फॉर्म आणि नोंदणी फी पाठवा,’ असा मेसेज फिरतोय. फी तर अजिबात पाठवू नका.

‘हड’ म्हणजे तिथलं केंद्रीय गृहनिर्माण खातं. ते ‘जॉब्स प्लस’ नावाच्या योजनेतून अशा कामासाठी अनुदान देतं, एवढं खरं. पण ‘जॉब्स प्लस’साठी अर्ज करते ती त्या भागातली सरकारी गृहनिर्माण संस्था, भाडेकरू नव्हे. भाडेकरूला मिळतं ते प्रशिक्षण, नोकरी शोधायला मदत आणि भाड्यातली सवलत. खरी गंमत या सवलतीतच आहे. एरवी भाडं साधारणपणे हिशेबी उत्पन्नाच्या (म्हणजे ठरावीक वजावटी करून उरलेल्या उत्पन्नाच्या) ३० टक्के असतं. पगार महिन्याला १,००० डॉलरनी वाढला की जवळपास ३०० भाड्यात जातात. मग कोण कशाला जादा तास करेल? ‘जॉब्स प्लस’मध्ये ही वाढ ठरावीक मुदतीपर्यंत भाड्याच्या हिशेबात धरत नाहीत. १९९०च्या दशकाअखेरीस लॉस एंजेलिस, सिएटल अशा शहरांत झालेल्या प्रयोगातून ही योजना आली.

रहिवासी संघटनेला स्वतः अर्ज करायचा असेल तर ‘रॉस’ नावाचं वेगळं अनुदान आहे. त्यातूनही मुख्यतः सेवा समन्वयकाचा, म्हणजे रहिवाशांना उपयोगी सेवांशी जोडून देणाऱ्या माणसाचा पगार निघतो. रोख वाटप वगैरे काही नाही.

या अनुदानांचे अर्ज ‘ग्रँट्स डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर, त्याआधी ‘सॅम डॉट गव्ह’ या दुसऱ्या सरकारी संकेतस्थळावर अर्जदार संस्थेची नोंदणी. दोन्ही फुकट. नोंदणीला मात्र कधीकधी आठवडे लागतात, तेव्हा ती अनुदानाची जाहिरात निघण्याआधीच उरकलेली बरी.