‘एमकेव्ही’ पुसून ‘एमपी४’ लिहिलं म्हणून फाइल बदलत नाही

लग्नसराई आली की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो: ‘पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ टीव्हीवर चालत नाही? नावातलं एमकेव्ही पुसून एमपी४ करा. ३२ जीबीच्या वरचा पेनड्राइव्ह टीव्ही वाचत नाही. चित्र दिसतं पण आवाज नाही? स्पीकर गेला. नाहीच जमलं तर ऑनलाइन कन्व्हर्ट करा, नाहीतर नवा टीव्ही घ्या.’ यातलं जवळपास सगळं चुकीचं आहे, आणि त्यापायी लोकांचे पैसे जातात.

आधी नावाचं बघू. एमकेव्ही आणि एमपी४ हे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारे नुसते डबे. आतलं चित्र एच.२६४ किंवा एचईव्हीसी अशा कोडेकमध्ये, म्हणजे दाबून साठवायच्या पद्धतीत असतं, आवाज आणखी वेगळ्या कोडेकमध्ये. टीव्हीच्या चिपला झेपतो की नाही तो प्रश्न या कोडेकचा. नाव बदलल्याने कोडेक सोडाच, डबासुद्धा बदलत नाही. काही टीव्ही नावाच्या शेवटची अक्षरं बघून फाइल यादीत दाखवतात, म्हणून क्वचित कुणाचं काम होऊन जातं, एवढंच. खरोखर डबा बदलायचा असेल तर एव्हीडेमक्स हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात चित्र ‘कॉपी’वर ठेवून एमपी४मध्ये सेव्ह करा. दर्जा तसूभरही कमी होत नाही.

पण त्याआधी फाइलमध्ये आहे काय ते बघा. संगणकावर व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये ती चालू करून कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबा. चित्राचा आणि आवाजाचा कोडेक समोर येतो. आवाजापुढे ‘डीटीएस’ दिसलं तर मुक्या टीव्हीचं कारण बहुधा तिथेच सापडलं. सॅमसंगने २०१८पासूनच्या टीव्हींमधून हा आवाजाचा कोडेक वाजवायची सोय काढून टाकली. एलजीनेही २०२०मध्ये काढली आणि २०२३मध्ये काही मॉडेलना परत दिली. म्हणजे स्पीकर ठणठणीत आहे, मेकॅनिकला बोलवायची गरज नाही. एव्हीडेमक्समध्येच चित्र ‘कॉपी’वर ठेवा आणि फक्त आवाज एसी३ किंवा एएसी या कोडेकमध्ये बदला.

लग्नाच्या व्हिडिओत आणखी एक अडचण येते. एडिटिंग करणाऱ्याने फाइल १०-बिट, म्हणजे रंगांच्या जास्त छटा साठवणाऱ्या एच.२६४मध्ये काढली असेल तर बहुतेक टीव्हींना ती उघडत नाही, मग टीव्ही कितीही महागाचा असो. १०-बिट एचईव्हीसी मात्र आजकालचे फोरके टीव्ही सहसा चालवतात. व्हिडिओवाल्याकडून ८-बिट एच.२६४मध्ये एक प्रत मागून घ्या. मूळ प्रोजेक्ट त्याच्याकडे आहे तोवरच मागा.

३२ जीबीची गोष्ट अर्धवट ऐकलेली आहे. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीपुढे फॅट३२ या फाइली साठवायच्या मांडणीचा पर्याय वर्षानुवर्षं मिळत नव्हता, त्यामुळे मोठे पेनड्राइव्ह सहसा एक्सफॅट या दुसऱ्या मांडणीत येतात. काही जुन्या टीव्हींना एक्सफॅट कळत नाही, म्हणून पेनड्राइव्ह दिसत नाही. उलट फॅट३२मध्ये ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावतच नाही, आणि लग्नाचा फोरके व्हिडिओ ती मर्यादा सहज ओलांडतो. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत एनटीएफएस ही तिसरी मांडणी दिली असेल तर पेनड्राइव्ह त्यात फॉरमॅट करा, मात्र पेनड्राइव्हवरचं सगळं आधी दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण फॉरमॅटमध्ये ते पुसलं जातं.

ऑनलाइन कन्व्हर्टरचा मला खरा राग आहे. घरच्या बायकामुलांचे चेहरे असलेला व्हिडिओ कुणा अनोळखी सर्व्हरवर चढवायचा, आणि परत मिळते ती पुन्हा दाबून लहान केलेली फाइल. ती ‘चालली’ म्हणून लोक मूळ फाइल उडवतात. गेलेला दर्जा पुन्हा मिळत नाही.

राहिला नवा टीव्ही. डीटीएसवाल्या फाइली तुमचा २०१६चा सॅमसंग वाजवत असेल, तर आज घेतलेला सॅमसंग त्याच फाइलींवर गप्प बसेल. त्यापेक्षा अँड्रॉइड टीव्ही असेल तर त्यावर व्हीएलसी किंवा कोडी हे प्लेअर मोफत टाकून बघा. दोन्ही डीटीएस स्वतः उलगडतात. नसेल तर हे प्लेअर टाकता येतील अशी, एचडीएमआयला लागणारी स्ट्रीमिंग स्टिक टीव्हीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. फक्त फोरकेच्या फाइली बघायच्या असतील तर स्टिकही फोरकेचीच घ्या, साध्या स्टिकवर त्या अडखळतात.